औषधाची चिठ्ठी आणि स्ट्रिप: वाचायचा क्रम चुकवू नका

डी.फार्म., नर्सिंग, फिजिओ, होमिओपॅथी, कुठल्याही शाखेची मुलं असोत, पहिल्या पोस्टिंगला आली की एकच गोष्ट करतात. हातात स्ट्रिप दिली की रंगीत अक्षरांतलं ब्रँडचं नाव वाचतात आणि लगेच सांगतात, "मॅडम, ही बीपीची गोळी." किती मिलिग्रॅमची? पुन्हा स्ट्रिप उलटीपालटी. चघळायची, गिळायची की पाण्यात विरघळवायची? गप्प. पाठांतर भरपूर झालेलं असतं, पण स्ट्रिप वाचायची सवय लागलेली नसते.

मी पुण्यात बरीच वर्षं औषधांच्या काउंटरवर काढली आणि आता विद्यार्थ्यांना शिकवते. दर वर्षी त्याच चुका दिसतात, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. पायऱ्या याच क्रमाने करा. पहिल्या महिन्यात एका स्ट्रिपला दहा मिनिटं लागतील. लागू द्या.

आधीची तयारी

घरातल्या रिकाम्या किंवा संपत आलेल्या स्ट्रिपा गोळा करा. आजी-आजोबा असलेल्या कुठल्याही घरात पंधरा-वीस सहज निघतात. कॉट बेसिसवर राहत असाल तर घरमालकीणबाईंना विचारा. चालू औषधं मात्र उचलून आणू नका, तिथेच बसून वाचा. लहान मुलांचं एखादं पातळ औषध, डोळ्यांचे थेंब आणि एक मलम हेही संग्रहात हवं. नुसत्या गोळ्यांवर सराव केला की पातळ औषधापाशी हमखास चुकतं.

अप्पा बळवंत चौकातून एक जाड वही आणा. एका औषधाला एक पान. पानावर वरून खाली हे रकाने पाडा: घटक, ताकद, रूप, मार्ग, वेळ, साठवण, कोणाला देऊ नये, रुग्णाला काय सांगायचं. ब्रँडचं नाव पानाच्या तळाशी, पेन्सिलने. ते बदलत राहतं.

पाच मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंजही जवळ ठेवा. ती कशासाठी, ते दुसऱ्या पायरीत कळेल.

तपासा: खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रकं जपून ठेवली आहेत का? सहावी पायरी त्यावरच आहे.

पायरी १: घटक शोधा, ब्रँड बाजूला ठेवा

स्ट्रिपच्या मागच्या बाजूला "प्रत्येक फिल्म कोटेड गोळीत अमुक अमुक आय.पी." अशी ओळ असते. वाचन तिथून सुरू करायचं. एकच घटक असलेल्या औषधांवर घटकाचं नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे, तरी रंगामुळे डोळा ब्रँडकडेच जातो. आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधाच्या शुद्धतेचं आपल्या देशाचं प्रमाण. बी.पी. ब्रिटनचं, यू.एस.पी. अमेरिकेचं. हो, ब्लड प्रेशरचा यात काही संबंध नाही. हा गोंधळ मी खरोखर ऐकला आहे.

मग "इक्विव्हॅलंट टू" हे शब्द शोधा. अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेटच्या गोळीवर "इक्विव्हॅलंट टू अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ" असं असतं. बेसिलेट हा क्षार, औषध म्हणून मोजायचे ते ५ मिलिग्रॅम. कॅल्शियममध्ये हा फरक फार मोठा होतो: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, पण प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. वहीत दोन्ही आकडे लिहा आणि रुग्णाला मोजून मिळतो तो आकडा अधोरेखित करा.

एकाहून जास्त घटक असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ करा. ६२५ हा आकडा इथे नेहमी फसवतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळीच्या नावापुढे ६२५ असतं. ती ५०० आणि १२५ यांची बेरीज आहे. "अ‍ॅमॉक्सिसिलिन ६२५" असं लिहिणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो.

घटक वेगळे लिहिले की दुहेरी डोस लगेच दिसतो. सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी आणि तापाची गोळी अशा तीन स्ट्रिपा शेजारी ठेवून बघा. पुष्कळदा तिन्हींत पॅरासिटामॉल निघतं. धडधाकट प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा त्रास असेल, वजन कमी असेल, दारूची सवय असेल तर त्याहून कमी. तीन वेगळी नावं घेणाऱ्या रुग्णाला आपण एकच औषध तीनदा घेतोय हे कळायला मार्गच नसतो. ते आपल्यालाच दिसायला हवं.

नावांचे शेपटे ओळखता आले की पाठांतर निम्मं होतं. प्रिल आणि सार्टन रक्तदाबासाठी, ओलोल म्हणजे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं), स्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी, ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन मधुमेहासाठी, फ्लॉक्सासिन अँटिबायोटिक. पण शेपूट पूर्ण वाचा. नुसतं "झोल" काहीच सांगत नाही. पँटोप्रॅझोल आम्लपित्तावर, फ्लुकोनाझोल बुरशीवर, अल्बेंडाझोल जंतांवर, मेट्रोनिडाझोल काही जीवाणू आणि अमिबावर, आणि अ‍ॅरिपिप्रॅझोल मनोविकारावर. पाचही "झोल", पाच वेगळी कामं.

सावधान: हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन, डोपामिन आणि डोब्युटामिन, मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल या जोड्या कानाला आणि डोळ्याला सारख्या वाटतात. पहिली तीन अक्षरं वाचून मान डोलवू नका. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, मोठ्याने.

पायरी २: आकडा आणि एकक एकत्र वाचा

काउंटरवर ताकदीला "पॉवर" म्हणतात. "ताकदीची गोळी" म्हणजे मात्र लोकांच्या तोंडी व्हिटॅमिन. म्हणून रुग्णाशी बोलताना "पॉवर" किंवा "किती एमजी" असंच विचारा.

एककाशिवाय आकडा वाचायचा नाही. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. थायरॉक्सिनच्या गोळ्या २५, ५०, १०० अशा येतात, पण मायक्रोग्रॅममध्ये. "थायरॉक्सिन ५० मिलिग्रॅम" लिहिणं म्हणजे हजार पटींची चूक. मायक्रो आणि मिलि यांची आद्याक्षरं हाताने घाईत लिहिली की सारखी दिसतात, म्हणून वहीत मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा.

दशांश चिन्हाचे दोन नियम अंगवळणी पाडा. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना बिंदूआधी शून्य हवं: ०.५. नुसतं .५ लिहिलं आणि बिंदू पुसट झाला की ते ५ होतं. पूर्ण आकड्यानंतर मात्र बिंदू आणि शून्य नको: ५.० चे ५० होतात. इन्शुलिनच्या चिठ्ठीवर युनिटऐवजी नुसतं "यू" लिहिलं की तेही शून्यासारखं वाचलं जातं आणि १० चे १०० होतात. "युनिट" शब्द पूर्ण लिहायचा.

मग विचारा, "कशात?" गोळीचा आकडा एका गोळीतला असतो. पातळ औषधाचा आकडा किती मिलिलिटरमधला, ते शोधावं लागतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत सगळा धोका तिथेच असतो.

एकदा काउंटरवर एक आई सहा किलोच्या बाळाला घेऊन आली. आधी घरी पॅरासिटामॉलचं सिरप होतं, ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं. बाळाला अर्धा चमचा, म्हणजे २.५ मिलिलिटर देत होती. ते संपलं म्हणून घरात पडलेली ड्रॉप्सची छोटी बाटली काढली. तीही पॅरासिटामॉलचीच, चव तीच. खात्री करायला म्हणून ती आली होती: "हे तेच आहे ना? अर्धा चमचा देऊ?" मी बाटली उजेडात धरली. ड्रॉप्स १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे. सिरपच्या अर्ध्या चमच्यात ६० मिलिग्रॅम, ड्रॉप्सच्या अर्ध्या चमच्यात २५०. चौपटीहून जास्त. ती विचारायला आली म्हणून निभावलं.

आता हाच हिशेब तुम्ही करा. मूल १२ किलोचं, डॉक्टरांनी एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं आहे. हवेत १८० मिलिग्रॅम.
५ मिलिलिटरला १२० असलेल्या सिरपचे ७.५ मिलिलिटर.
५ मिलिलिटरला २५० असलेल्या सिरपचे ३.६ मिलिलिटर.
१ मिलिलिटरला १०० असलेल्या ड्रॉप्सचे १.८ मिलिलिटर.

हे तीन आकडे सिरिंजमध्ये पाणी ओढून (७.५ साठी दोनदा) डोळ्यांनी बघा. कागदावर कळलेली गोष्ट हाताला कळायला हवी. आणि चहाचा चमचा विसरा. घरोघरचे चमचे वेगळे, रुग्णाला मापाचं टोपण किंवा सिरिंजच दाखवायची.

टक्के आणि प्रमाण असंच सोडवा. १ टक्का म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणून भुलीचं २ टक्के लिग्नोकेन म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनॅलिन १ : १००० म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आणि १ : १०,००० म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. इथे मोठा आकडा म्हणजे कमी ताकद. हे उलटं डोक्यात बसलं तर आणीबाणीत फार महागात पडतं.

सावधान: आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, पेनची काडतुसं १०० युनिटची. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४० वाली लाल टोपणाची, १०० वाली नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून १०० वाल्या सिरिंजने "२०" च्या खुणेपर्यंत ओढलं तर जातात फक्त ८ युनिट. १०० चं इन्शुलिन ४० वाल्या सिरिंजने "२०" पर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट, आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाचा.

पायरी ३: रूप बघा आणि मगच हात लावा

नावापुढची दोन अक्षरं शोभेची नसतात. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर म्हणजे औषध सावकाश सुटतं. अशी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. ईसी म्हणजे एंटेरिक कोटेड: पोटातल्या आम्लात विरघळू नये, पुढे आतड्यात विरघळावी, यासाठी वरचं आवरण असतं. तीही कुटायची नाही. डीटी पाण्यात विरघळवायची, एमडी जिभेवर ठेवायची. डीएस कधी डबल स्ट्रेंग्थ असतं तर कधी ड्राय सिरप, त्यामुळे तिथे घटकांची ओळ पुन्हा वाचा.

नळीवाटे जेवण चालू असलेल्या रुग्णासाठी गोळ्या कुटताना नवखे विद्यार्थी ही पायरी हमखास विसरतात. कुटण्याआधी फार्मासिस्टला विचारा. त्याच औषधाचं पातळ रूप मिळतं का ते तो सांगेल. गोळीच्या मधोमध रेघ असेल तर ती बहुधा अर्धी करता येते, पण सावकाश सुटणाऱ्या गोळीवर रेघ असली तरी माहितीपत्रक वाचल्याशिवाय मोडू नका.

ड्राय सिरप बनवणं ही वेगळी कसरत. आधी बाटली आपटून बुडाची पावडर मोकळी करा. उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत घालून जोरात हलवा, गुठळी उरली नाही ना बघा. फेस खाली बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा आणि परत हलवा. फेसासकट खुणेपर्यंत भरलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमचा जास्त ताकदीचा होतो. बनवल्याची तारीख लेबलवर लिहा. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचं बनवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून सहसा सात दिवसांत संपवायचं असतं. इतरांचे दिवस ज्याच्या त्याच्या लेबलवर.

तपासा: डोळ्याचे थेंब आणि कानाचे थेंब वेगळे ओळखता येतात का? कानाचे थेंब डोळ्यात कधीच नाहीत.

पायरी ४: चिठ्ठीवरची अक्षरं उलगडा

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ता, ताबडतोब. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. आपल्याकडचे बरेच डॉक्टर सरळ १-०-१ असं लिहितात, सकाळ-दुपार-रात्र. ते सगळ्यांत सोपं.

आता यातल्या अडचणी. डोळ्यांच्या विभागातल्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. तिथे "ओडी" वाचून दिवसातून एकदा सांगितलं की रुग्ण भलत्याच डोळ्यात, भलत्याच वेळी थेंब घालतो. चिठ्ठीच्या वरच्या बाजूला विभागाचं नाव वाचा, मग अक्षरं.

एसओएसला दोन प्रश्न जोडलेले असतात: दोन डोसांत किती अंतर, आणि दिवसात जास्तीत जास्त किती. चिठ्ठीवर नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

"ओडी" वरून दिवसातली नेमकी वेळ कळत नाही. पँटोप्रॅझोल नाश्त्याआधी अर्धा तास. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि लोह-कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर दूध नको. वहीतला वेळेचा रकाना म्हणूनच इतर रकान्यांपेक्षा रुंद ठेवा.

सावधान: संधिवात किंवा सोरायसिससाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. चिठ्ठीवर वार लिहिलेला हवा, "दर सोमवारी" असा. वार नसेल तर औषध हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन.

अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधायचा नाही. "बहुतेक हेच असेल" हे वाक्य मनात आलं की थांबा आणि विचारा. वॉर्डातल्या सिस्टर रागावल्या तरी चालेल.

पायरी ५: स्ट्रिपची कड

बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत. मुदत महिना-वर्ष अशी छापलेली असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. सुट्या गोळ्या कापून देताना मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत शिल्लक राहील अशा बाजूने कापा. रुग्णाने आणलेल्या तुकड्यावर मुदतच नसेल तर ती औषधं मोजू नका, नवीन घ्यायला सांगा.

डाव्या वरच्या कोपऱ्यात आरएक्स असेल तर चिठ्ठीशिवाय विक्री नाही. त्याआधी एन असेल तर गुंगीच्या किंवा मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्याखालचं, एक्स असेल तर शेड्यूल एक्स या जास्त कडक नियमांच्या यादीतलं. लाल चौकटीतला इशारा शेड्यूल एच-१ या यादीतल्या औषधांवर असतो. क्षयाची औषधं, काही अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल यात येतात. ही यादी २०१४ पासून लागू आहे आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं ठेवावी लागते.

साठवणीची ओळ पुण्यात एप्रिल-मेमध्ये खरोखर लागू करायची असते. पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. "३० अंशांखाली ठेवा" असलेली औषधं फ्रिजच्या डोक्यावर, टीव्हीमागे किंवा स्कूटरच्या डिकीत नकोत. इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात किंवा फ्रीजरला चिकटून नाही. गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही.

पायरी ६: माहितीपत्रक वाचायचा क्रम

विद्यार्थी पत्रक उलगडतात आणि दुष्परिणामांच्या लांब यादीपाशी अडकतात. उलट क्रमाने जा. आधी काँट्राइंडिकेशन, म्हणजे कोणाला देऊच नये. मग प्रिकॉशन, म्हणजे कोणाला जपून. मग इंटरअ‍ॅक्शन, म्हणजे इतर औषधांबरोबर किंवा खाण्याबरोबर काय होतं. दुष्परिणाम सर्वांत शेवटी, आणि त्यातही नेहमी दिसणारे आणि क्वचित दिसणारे वेगळे.

हाफ लाइफ हा शब्द परीक्षेपुरता नाही. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. १०० चे ५०, ५० चे २५, मग १२.५, मग ६.२५, चार-पाच हाफ लाइफमध्ये औषध जवळजवळ निघून जातं. पॅरासिटामॉलचं दोन-तीन तास, थायरॉक्सिनचं साधारण सात दिवस. म्हणून एखाद्या दिवशी थायरॉक्सिन राहिलं तर रुग्णाने घाबरून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायची गरज नसते.

आता ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ती. रुग्ण सांगतो, "ती गोळी मला उष्ण पडते." विद्यार्थी केसपेपरवर लिहितो, "अ‍ॅलर्जी". हे कधीही करू नका. विचारा: नेमकं काय झालं? किती वेळात? जळजळ, तोंड येणं, जुलाब हे बहुधा दुष्परिणाम. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं ही अ‍ॅलर्जी असू शकते आणि ती ठळक नोंदवायलाच हवी. अ‍ॅमॉक्सिसिलिनने जुलाब झाले म्हणून "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" लिहिलं तर त्या माणसाला पुढे कायम चांगल्या औषधापासून दूर ठेवलं जातं. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा, निदान डॉक्टरांवर सोडा.

"पित्त" तसंच. "पित्त झालंय" म्हणजे आंबट ढेकर, जळजळ. "पित्त उठलंय" म्हणजे अंगावर गांधी. एकाला आम्ल कमी करणारं औषध, दुसऱ्याला अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरचं औषध. "रक्ताची गोळी" म्हटलं तर ती लोहाची, रक्तवाढीची असेल, नाहीतर रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिनही असेल. दात काढण्याआधी या दोन्हींतला फरक किती मोठा आहे, ते डेंटलच्या मुलांना विचारा. रुग्ण असा शब्द वापरतो तेव्हा स्ट्रिप दाखवायला सांगा, आणि पहिल्या पायरीपासून वाचा.

औषधाचा अनपेक्षित त्रास दिसला तर तो तुमच्या वरिष्ठांना सांगा आणि कळवायचा फॉर्म भरा. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

पायरी ७: रुग्णाला सांगा आणि त्याच्याकडून परत ऐका

पुण्यात उपचाराला येणारे पुष्कळ रुग्ण भोर, वेल्हे, पुरंदर, दौंडकडून आलेले असतात. संध्याकाळची एसटी गाठायची असते, त्यामुळे ते घाईत "हो, कळलं" म्हणतात. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर "हो"च येतं. विचारा, "मावशी, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?"

थायरॉक्सिनची स्ट्रिप घेऊन एका विद्यार्थिनीने मावशींना हे सांगितलं: "रोज सकाळी उठल्यावर उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर." बरोबर होतं सगळं. मग मावशींनी परत सांगितलं: "सकाळी उठले, चहा घेतला, की गोळी. उपाशीपोटीच हो, चहा काय, ते काय खाणं नाही." पंधरा वर्षं त्या पहाटे पाचला चहा घेत होत्या आणि चहाला त्या खाण्यात धरतच नव्हत्या. विद्यार्थिनीने गोळी उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवायला सांगितली: डोळे उघडले की गोळी, मग अंघोळ, देवपूजा, आणि किमान अर्ध्या तासानंतर चहा. मावशींनी ते पुन्हा म्हणून दाखवलं, या वेळी बरोबर. तिने वहीत थायरॉक्सिनच्या पानावर, शेवटच्या रकान्यात लिहिलं: "चहासुद्धा नाही, हे वेगळं सांगायचं."